सोयाबीन : एका अनुक्त शिंबीधान्याचा द्रव्यगुणदृष्ट्या विचार

‘दहा किलोच्या दळणात एक किलो सोयाबीन घाला’ हा सल्ला आज आहारतज्ज्ञ, शेजारीण आणि गिरणीवाला असे सारेच देतात. आपल्यापैकी अनेक वैद्यही तो देतात. रुग्ण कृश असो वा स्थूल, प्रमेही असो वा रजोनिवृत्तीच्या वयातील स्त्री, सल्ला एकच. काही आठवड्यांनी त्यांतील काही रुग्ण आध्मान, आटोप, मलाची दुर्गंधी आणि भूक मंदावल्याची तक्रार घेऊन परत येतात. तेव्हा आपण त्यांना हिंग्वष्टक चूर्ण देतो. दळणाविषयी मात्र विचारत नाही. सोयाबीनच्या पोषणमूल्याविषयी शंका घेण्याचे कारण नाही. प्रश्न असा आहे की हे द्रव्य कोणास, कोणत्या संस्काराने व किती मात्रेत द्यावे, याचे उत्तर वैद्याने कोठून शोधावे ?

चरक, सुश्रुत व वाग्भट यांच्या धान्यवर्गात सोयाबीनचा उल्लेख नाही. तेवढ्यावरून ‘ते आपले नव्हे’ म्हणून ते बाजूला सारणाऱ्या वैद्यांनी मिरची, बटाटा, टोमॅटो आणि भुईमूगही संहितांत नाहीत हे ध्यानी घ्यावे. याउलट, प्रथिनांचे आकडे छापील पत्रकातून उचलून रुग्णास ऐकवणे हेही वैद्याचे काम नव्हे. ते काम डबा विकणारा अधिक चांगले करतो.

अनुक्त द्रव्याविषयी चरकांची दिशा

चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील २७ व्या अध्यायात आहारद्रव्यांचे सविस्तर वर्णन आले आहे. अध्यायाच्या अखेरीस आचार्यांनी एक अत्यंत व्यवहार्य सूचना केली आहे. जगातील कोणतेही द्रव्य अनौषध नाही. येथे जे द्रव्य सांगावयाचे राहिले असेल, त्याचे वर्णन ते ज्या देशात होते व वापरले जाते तेथील लोकांच्या सांगण्यानुसार करावे, असा तिचा आशय आहे. लगेच पुढे स्वभाव, संस्कार, मात्रा इत्यादी परीक्ष्य भावांची गणना येते. म्हणजे नव्या द्रव्यासाठी दार उघडे ठेवले आहे आणि आत येताना त्याची तपासणी कशी करावी हेही सांगितले आहे.

या दाराने चीनमधून आलेले एक द्रव्य आपल्या निघंटूंत यापूर्वीच रुळले आहे. फिरंगरोगावर भावमिश्रांनी सांगितलेली चोपचीनी म्हणजेच द्वीपांतर वचा ही मूळची आपली नव्हेच. भावप्रकाशकारांनी ती परकी म्हणून टाळली नाही आणि नवी म्हणून सर्व रोगांवरही योजली नाही.

देशज लोक काय सांगतात ?

येथे महाराष्ट्रापुरती एक विचित्र परिस्थिती आहे. लातूर, हिंगोली, वाशीम, अकोला, अमरावती, बुलडाणा या जिल्ह्यांत खरिपात नजर पोहोचेल तेथवर सोयाबीन उभे असते. लातूरची बाजारपेठ तर त्याच्याच नावाने ओळखली जाते. परंतु ज्या घरात दहा-वीस पोती सोयाबीन पडलेले असते त्या घरातही वरण तुरीचेच शिजते. दाणा तेलाच्या कारखान्यात जातो, पेंड कोंबड्यांच्या खाद्यात किंवा परदेशी जाते. आमच्या शेतकऱ्याला या पिकाचे रोग, भाव आणि उतारा तोंडपाठ आहे; पण ते खाण्याविषयी त्याच्या आजीने त्याला काही सांगितलेले नाही. तेव्हा येथील ‘देशजांचे वचन’ या बाबतीत उपयोगाचे नाही.

प्रयत्न झाले नाहीत असे नव्हे. बडोदे संस्थानात अन्नविषयक काम करणारे एफ. एस. काळे यांनी १९३६ मध्ये सोयाबीनच्या आहारमूल्यावर स्वतंत्र ग्रंथ लिहिला. त्याआधी १९३५ मध्ये वर्ध्याच्या मगनवाडीत गांधीजींच्या प्रेरणेने सोयाबीन खाण्याचे प्रयोग झाले व ‘हरिजन’मधून त्यावर लिखाणही झाले. मात्र या प्रयत्नांतून घरोघरच्या स्वयंपाकात ते रुजले नाही. पुढे १९६० च्या दशकात पंतनगर व जबलपूर येथील कृषी विद्यापीठांच्या प्रयत्नांनी ते शेतात आले, ते मुख्यतः तेलबी म्हणून.

खरे देशज शोधावयाचे तर कुमाऊँच्या डोंगरात जावे लागते. तेथे काळे सोयाबीन ‘भट’ या नावाने पिढ्यान्‌पिढ्या खाल्ले जाते. भटाची चुडकाणी करताना दाणे लोखंडी कढईत तडतडेपर्यंत परततात आणि मग मंद आचेवर बराच वेळ शिजवून भाताबरोबर घेतात. ईशान्येकडे नागालँडात अखुनी, मणिपुरात हवाइजार, मेघालयात तुंगरिम्बाई आणि सिक्कीममध्ये किनेमा हे सर्व पदार्थ सोयाबीन उकडून नंतर आंबवून केलेले आहेत. जपानचे मिसो व नात्तो आणि इंडोनेशियाचे टेंपे यांचीही तीच तऱ्हा. चीनमध्ये दाणे भिजवून, वाटून, गाळून निघालेले दूध चांगले उकळतात आणि ते गोठवून टोफू करतात. हिरव्या शेंगा खातात त्यासुद्धा उकडूनच.

या सर्व ‘वचनां’त एक गोष्ट समान आहे. ज्या ज्या लोकांनी सोयाबीन पिढ्यान्‌पिढ्या खाल्ले त्यांनी ते कच्चे दळून पोळीत घातले नाही. भिजवणे, दीर्घकाळ उकडणे, आंबवणे किंवा गाळून चोथा वेगळा करणे यांपैकी एक वा अधिक संस्कार त्यांनी अनिवार्य मानले. आपण द्रव्य घेतले. त्याचा संस्कार मात्र त्याच्या देशीच राहिला.

स्वभाव : माष व निष्पाव यांच्या शेजारी

शिंबीधान्यांचे सामान्य गुण वाग्भटांनी कषाय-मधुर रस, कटु विपाक, शीत, लघु, संग्राही व विबंधकर असे सांगितले आहेत. सोयाबीन या सामान्य वर्णनात बसत नाही. दाण्यात सुमारे २० टक्के स्नेह असलेले कडधान्य लघु व रूक्ष म्हणता येणार नाही. त्याचे साम्य शोधावयाचे तर ते माषाशी (उडीद) व काही अंशी निष्पावाशी (वाल) आहे. माष गुरु, स्निग्ध, उष्ण, मधुर, बल्य, बहुमल व कफपित्तकर. निष्पाव गुरु, सर, विदाही, वातपित्तकर. सोयाबीनचे गौरव, स्नेह व बृंहणत्व माषासारखे, तर उदरात वायू निर्माण करण्याचा स्वभाव निष्पावासारखा, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. वीर्याविषयी घाईने निर्णय देऊ नये. चिनी वैद्यकात टोफू शीत गुणाचा मानतात, तर आपल्याकडे भाजलेले सोयाबीन खाऊन पित्त वाढल्याच्या तक्रारी ऐकू येतात. एकाच दाण्याचा गुण संस्काराने पालटत असावा.

माष बल्य असूनही चरकांनी सूत्रस्थानाच्या २५ व्या अध्यायात शमीधान्यांतील पथ्यतम म्हणून मुद्गाची व अपथ्यतम म्हणून माषाची गणना केली आहे. बलदायक असणे व नित्यसेवनास योग्य असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे सोयाबीनचा विचार करताना सतत लक्षात ठेवले पाहिजे.

आता आकडे. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या जुन्या तक्त्यांनुसार १०० ग्रॅम सोयाबीनमध्ये प्रथिने ४३.२ ग्रॅम, स्नेह १९.५ ग्रॅम, कॅल्शियम २४० मिलिग्रॅम व लोह १०.४ मिलिग्रॅम आहे. २०१७ च्या नव्या तक्त्यांत प्रथिनांचा आकडा ३५ ते ३८ ग्रॅमच्या आसपास येतो. तूरडाळीत २२, मूगडाळीत २४ ग्रॅमच्या आसपास प्रथिने असतात हे पाहता सोयाबीनचे स्थान निश्चितच वरचे आहे. शिवाय ही प्रथिने गुणवत्तेने प्राणिज प्रथिनांच्या जवळ जातात. गव्हात लायसिन हे अमिनो आम्ल कमी असते, ते सोयाबीनमध्ये भरपूर. सोयाबीनमध्ये मेथिओनिन कमी असते, ते धान्यातून मिळते. मांस, अंडी न खाणाऱ्या व दूध परवडत नसलेल्या कुटुंबास याचे मोल मोठे आहे. मात्र त्यात बी-१२ जीवनसत्त्व नाही. कॅल्शियम मुद्दाम मिसळलेले नसेल तर सोयादूध हा त्या बाबतीत गायीच्या दुधाचा पर्यायही होत नाही.

संस्कार

कच्च्या सोयाबीनमध्ये प्रथिनांच्या पचनास लागणाऱ्या ट्रिप्सिन या पाचक स्रावास अडविणारा घटक असतो. ऑस्बोर्न व मेंडेल यांनी १९१७ मध्येच दाखविले होते की उंदरांची वाढ कच्च्या सोयाबीनवर नीट होत नाही, शिजवलेल्यावर होते. कुनिट्झ यांनी १९४५ मध्ये हा घटक स्फटिकरूपात वेगळा काढला. आपल्या भाषेत सांगावयाचे तर कच्चे सोयाबीन धातूंना पोषण देण्यापूर्वी अग्नीवरच आघात करते. प्रथिनांसाठी खावे आणि प्रथिनेच पचू नयेत, असा हा प्रकार आहे. आर्द्र उष्णतेने हा घटक बहुतांशी नष्ट होतो. तव्यावरील पोळीला मात्र जेमतेम दोन-तीन मिनिटे आच मिळते. कच्चे सोयाबीन दळून घातलेल्या पिठाकडून फार अपेक्षा ठेवू नये. इंदूरच्या सोयाबीन संशोधन संस्थेने या घटकापासून मुक्त असा ‘एनआरसी १२७’ हा वाण विकसित केला आहे. परंतु किराणा दुकानातील पोत्यात कोणता वाण आहे हे आपल्याला कळत नाही.

दुसरा दोष रॅफिनोज व स्टॅकिओज या शर्करांचा. त्या पचविणारा स्राव मनुष्याच्या लघ्वंत्रात नाही. त्या तशाच पुढे जातात व स्थूलांत्रातील जिवाणू त्यांवर वायू निर्माण करतात. शिंबीधान्यांना वातकर का म्हटले याचे हे आधुनिक भाषेतील स्पष्टीकरण मानण्यास हरकत नाही. या शर्करा पाण्यात विरघळतात. म्हणून भिजवलेले पाणी फेकून द्यावे.

रुग्णास सांगावयाची रीत अशी. सोयाबीन निवडून, धुऊन रात्रभर भिजत घालावे. सकाळी ते पाणी ओतून द्यावे, दाणे चोळून जितकी निघतील तितकी साले काढावीत आणि उकळत्या पाण्यात टाकून २५ ते ३० मिनिटे उकळावे. पाणी उकळल्यावरच दाणे टाकावेत. गार पाण्यात टाकून तापविल्यास तो विशिष्ट हिरवट वास अधिक राहतो. नंतर निथळून, उन्हात कडकडीत वाळवून, हलके भाजून मग दळणात घालावे. स्नेहामुळे हे पीठ लवकर खवट होते, तेव्हा पंधरा दिवसांपुरतेच दळावे. इतका खटाटोप ज्या घरात होणार नाही त्या घरास सोयाबीन सांगू नये, मूग सांगावा.

आंबविण्याने फायटेट कमी होऊन लोहाचे शोषण सुधारते. आपल्या घरात किनेमा होणार नाही, परंतु इडली-ढोकळ्याच्या पिठात उकडलेले सोयाबीन वाटून घालता येते. सोबत लिंबू किंवा आवळा असावा. टोफूविषयी एक गोष्ट औषधनिर्मात्या वाचकांना रंजक वाटेल. चीनमध्ये सोयादूध गोठविण्यास परंपरेने जे खनिज वापरतात ते जिप्सम, म्हणजे आपली गोदंती. अशा टोफूत कॅल्शियम वाढते आणि गाळण्यामुळे वातकर शर्करा व चोथाही बराच निघून जातो. मंदाग्नी रुग्णास सोयाबीन द्यावयाचेच असेल तर या स्वरूपात, आले-मिरे घालून, दुपारच्या जेवणात द्यावे.

बाजारातील सोयावड्या तेल काढून उरलेल्या पिठापासून उष्णता व दाब देऊन बनवितात. त्यांत प्रथिने ५० टक्क्यांच्या आसपास असतात. कच्च्या पिठाचा दोष त्यांत कमी. पण स्नेह गेल्याने त्या रूक्ष होतात, हे वातप्रकृतीच्या रुग्णाबाबत लक्षात घ्यावे.

संयोग व मात्रा

चरकांनी माष, निष्पाव, कुलत्थ व मकुष्ठ यांचा दुधाशी विरोध सांगितला आहे. सोयाबीनची गणना माष-निष्पावांच्या शेजारी केली, तर सोयापीठ दुधात कालवून रोज सकाळी पिणे, हा आजचा सर्वांत लोकप्रिय प्रकार, याच विरोधात मोडतो. अनुमान आहे, आप्तवचन नव्हे. तथापि त्वचाविकार, शीतपित्त व जुनाट प्रतिश्यायाच्या रुग्णांत हा संयोग बंद करून पाहावा. ताक, हिंग, जिरे, ओवा, सुंठ यांचा संयोग हितकर.

मात्रेचा हिशेब स्वतः करून पाहिला तर उत्साह थोडा आवरतो. नऊ किलो गव्हात एक किलो सोयाबीन घातल्यास पिठातील प्रथिने १०० ग्रॅमला सुमारे १२ वरून १५ ग्रॅमपर्यंत जातात. दिवसाला पाव किलो पीठ खाणाऱ्यास त्यामुळे ७ ग्रॅमच्या आसपास अधिक प्रथिने मिळतात. ३० ग्रॅम मूगडाळीच्या वरणातूनही जवळपास तेवढीच मिळतात. वाढीव प्रथिने हवीतच, पण मार्ग हा एकच नाही. व्यायाम करणाऱ्या दीप्ताग्नी तरुणास दिवसाला ३० ते ४० ग्रॅम सोयाबीन संस्कारित करून द्यावे. बैठे काम करणाऱ्यास १५ ते २५ ग्रॅम पुरे. आमवात, ग्रहणी, अम्लपित्त व ज्वरानंतरची दुर्बलता यांत देऊ नये. वातरक्ताच्या हेतूंत माष, निष्पाव व कुलत्थ येतात. आधुनिक पाहणीत वनस्पतिज प्यूरिनयुक्त अन्नाचा गाऊटशी संबंध आढळलेला नसला, तरी तीव्र वेगाच्या काळात सोयाबीन थांबविणे बरे.

उपयोक्ता

ज्या रुग्णाच्या बाबतीत सर्वाधिक सावधगिरी हवी तो म्हणजे लेव्होथायरॉक्सिनची गोळी घेणारा रुग्ण. सोयाबीन आतड्यातून या गोळीचे शोषण कमी करते. गोळी रोज नियमाने घेतली जाते, तरी टीएसएच वाढत राहते, मात्रा वाढविली जाते आणि कोणीही न्याहारीत काय असते ते विचारीत नाही. प्रस्तुत लेखकाच्या पाहण्यात असे रुग्ण आले आहेत. त्यांतील एका भगिनींची न्याहारी गोळीनंतर वीस मिनिटांनी घेतलेला सोयापेय हीच होती. ती वेळ संध्याकाळवर नेल्यानंतरच्या तपासणीत टीएसएच खाली आले. गोळी उपाशीपोटी घ्यावी आणि सोयाबीन किमान चार तासांनी घ्यावे. ही गोष्ट केवळ सोयाबीनची नाही. लोह व कॅल्शियम यांचाही या गोळीशी तसाच संबंध आहे, तेव्हा आपले मंडूर व लोहाचे कल्प, शंख, कपर्दिक व प्रवाळ यांनाही तेच अंतर लावावे. अशा रुग्णाने सोयाबीन सुरू केले वा बंद केले तर टीएसएच पुन्हा तपासावे, म्हणजे मात्रा ठरविणाऱ्या डॉक्टरांचीही दिशाभूल होणार नाही.

थायरॉईड निरोगी असलेल्यांनी मात्र घाबरण्याचे कारण नाही. आयसोफ्लेव्होन थायरॉईडच्या एका विकरास प्रयोगनळीत अडवितात. पण आहारात आयोडीन पुरेसे असल्यास निरोगी व्यक्तीत त्याचा लक्षणीय परिणाम दिसत नाही. पूर्वी आयोडीन न घातलेल्या सोयादुधावर वाढविलेल्या अर्भकांत गलगंड आढळले होते. साधे मीठ टाकून केवळ सैंधव वापरा असे सरसकट सांगणाऱ्या वैद्यांनी हा मुद्दा ध्यानात ठेवावा.

वॉरफेरिन घेणाऱ्यात सोयादुधाने औषधाचा प्रभाव कमी झाल्याची नोंद आहे. नात्तोमध्ये तर के जीवनसत्त्व विपुल असते. वृक्कविकाराच्या रुग्णास प्रथिने व पोटॅशियम दोन्ही मोजून द्यावी लागतात, तेथे आपण परस्पर काही सांगू नये. स्तन्याऐवजी अर्भकास घरगुती सोयादूध देणे सर्वथा वर्ज्य.

आयसोफ्लेव्होन स्त्रीशरीरातील संप्रेरकासारखे किंचित काम करतात, यावरून दोन टोकाचे समज पसरले आहेत. रजोनिवृत्तीतील अंगाच्या वाफांवर त्यांचा उपयोग होतो, पण तो माफक. स्तनार्बुदाविषयीची भीतीही आहारातील सोयाबीनच्या बाबतीत टिकत नाही. शांघाय येथील स्तनार्बुदाच्या रुग्णांचा जो अभ्यास २००९ मध्ये प्रसिद्ध झाला, त्यात सोयायुक्त आहार अधिक घेणाऱ्यांत मृत्यू व पुनरुद्भव कमी आढळले. अर्थात ते टोफू व सोयादूध खाणारे लोक होते. आयसोफ्लेव्होनचा अर्क असलेल्या गोळ्यांना हा निष्कर्ष लावू नये आणि टॅमॉक्सिफेन चालू असताना तसल्या गोळ्या देऊ नयेत. सोयाबीनने पुरुषांचे टेस्टोस्टेरॉन घटते हा व्यायामशाळांतील समज २०१० व २०२१ च्या एकत्रित विश्लेषणांत खरा ठरलेला नाही.

हृद्रोगाबाबत अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने १९९९ मध्ये रोज २५ ग्रॅम सोयाप्रथिनांचा दावा वेष्टनावर छापण्यास मान्यता दिली होती. पुरावा पुरेसा सुसंगत नाही म्हणून त्याच प्रशासनाने २०१७ मध्ये ती मागे घेण्याचा प्रस्ताव मांडला. एलडीएल कोलेस्टेरॉलमधील घट ३ ते ४ टक्क्यांच्या घरात असते. ती नाकारू नये. पण त्या जोरावर कोणाचे चालू औषध बंद करू नये.

औषधनिर्माते व विक्रेते यांच्यासाठी

अश्वगंधा, शतावरी व सोयापीठ एकत्र करून ‘आयुर्वेदिक प्रोटीन’ म्हणून विकण्याची प्रथा वाढत आहे. औषधे व सौंदर्यप्रसाधने कायदा, १९४० नुसार आयुर्वेदिक प्रोप्रायटरी औषधात प्रथम अनुसूचीतील ग्रंथांच्या योगांत आलेली द्रव्येच घेता येतात. सोयापीठावर आधारलेली भुकटी ही अन्न म्हणून, अन्न सुरक्षा परवान्याखालीच विकावी हे उचित. २०२० च्या लेबलविषयक विनियमांनुसार वेष्टनावर सोयाबीनचा ॲलर्जीकारक घटक म्हणून उल्लेख आवश्यक आहे. शेंगदाण्याने शीतपित्त उठणाऱ्या ग्राहकाला विक्रेत्याने तो तोंडीही सांगावा. पीठ कच्चे की उष्णतेने संस्कारित, हे पुरवठादारास लेखी विचारावे. आणि गल्ल्यावर बसणाऱ्या मदतनिसाला एक प्रश्न शिकवून ठेवावा : ‘थायरॉईडची गोळी चालू आहे का, आणि ती किती वाजता घेता ?’